बाकांमागचं दार

घरात तिला काडी म्हणत. जन्मली तेव्हा ती इतकी बारीक होती, की नर्सने बाबांच्या हातात देताना "जपून धरा" असं दोनदा बजावलं होतं. पुढे काडीचे खांदे इतके रुंदावले की अरुंद दारातून तिला तिरकं होऊन जावं लागे, तरी नाव तेच राहिलं. ती स्पर्धेत वजनं उचलायची. तिच्या वजनगटात तिच्यापुढे फक्त एक मुलगी होती.

शिकवणारे बाबाच. ते फ्रिज आणि कपाटं घरपोच देणाऱ्या दुकानात कामाला होते. तरुणपणी तेही वजनं उचलायचे, पण देशाच्या संघाची निवड तोंडावर आली असताना त्यांची पाठ गेली आणि ते प्रकरण तिथेच संपलं. म्हणजे आईला वाटलं, संपलं. काडी शाळेत जायला लागल्यावर बाबांनी एक दिवस तिच्या हातात झाडूचा दांडा दिला, डोक्यावर धरायला लावला, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "खांदे माझ्यावर गेलेत." त्या दिवसापासून ते खांदे खरोखरच त्यांचे झाले.

घर दोन खोल्यांचं. न्हाणीघरातून स्वयंपाकघरात यायच्या बोळात वजनकाटा ठेवलेला असे, आणि तो ओलांडून जायला जागाच नव्हती; त्यावर पाय द्यावाच लागे. बाबा आकडा बघत आणि मग आईला सांगत, आज ताटात किती वाढायचं. काडी जेवत असताना ते समोर बसून राहत. तिचा फोन त्यांच्या खिशात असे. मैत्रिणी होत्या, त्या एकेक करून गळून गेल्या. पलंगाच्या वरच फळीवर तिची बक्षिसं मांडलेली होती; झोपेत आळस दिला तर हात कपांना लागे.

बाबा वाईट नव्हते, हे सांगायलाच हवं. दिवसभर फ्रिज चढवून आल्यावर, पाठीत कळ येत असताना, ते जमिनीवर बसून तिच्या पोटऱ्या तेल लावून चोळत. ती थकली आहे हे तिच्याआधी त्यांना कळे. पण तिला दुसरं काही हवं असेल, हे मात्र त्यांच्या कधी डोक्यात आलं नाही. काडीच्याही आलं नव्हतं म्हणा.

सोमवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात इंजेक्शन असे. बाबा त्याला टॉनिक म्हणत. आई तेव्हा गॅसकडे तोंड करून उभी राही आणि उगाच पातेल्यात चमचा फिरवत बसे. सुरुवातीला वजनं भराभर वाढली. मग पाळी थांबली. हनुवटीवर राठ केस आले. आवाज घोगरा झाला, आणि तिने आतून ओ दिली की सिलिंडरवाला दाराबाहेरून "साहेब, दार उघडा" म्हणायला लागला. घरात सगळे हसले. तीही हसली, आणि मग न्हाणीघरात नळ सोडून बराच वेळ बसून राहिली.

बाटलीवरचं नाव तिने वाचलं होतं. काय टोचलं जातंय ते तिला ठाऊक होतं.

"तपासणीत सापडलं तर?" तिने एकदा विचारलं.

"सगळे घेतात," बाबा म्हणाले. "कधी थांबवायचं ते मी बघतो. तू फक्त उचल."

सराव चालायचा एका चर्चच्या तळघरात. लोखंड आपटणाऱ्यांना दुसरं कोण जागा देणार? खाली फळ्यांचा ओटा, गंजके दांडे, वजनाच्या लोखंडी चकत्यांचा ढीग, आणि छताजवळ एक गजांची खिडकी. खिडकी रस्त्याच्या पातळीवर होती, त्यामुळे तिच्यातून फक्त लोकांचे पाय दिसत. मागच्या भिंतीला चर्चची जुनी, मोडकी लाकडी बाकं एकावर एक रचून ठेवलेली होती.

चर्चचे पाळक टक्कल पडलेले, बुजरे गृहस्थ होते. एक दिवस ते जिन्यावरून अर्धेच खाली आले आणि कठड्याला धरून बोलले.

"एक विनंती होती. वर प्रार्थना चालू असते तेव्हा खाली धाडकन आवाज होतो. मागच्या खेपेला मी आमेन म्हणायच्या आत तुम्ही म्हणालात."

"वजन टाकावंच लागतं, साहेब," बाबा म्हणाले. "डोक्यावरून हळू उतरवायला लागलं तर मुलगी मरेल."

"मग प्रार्थनेपुरतं हलकं वजन?"

बाबांनी विचार केला. हळू उतरवण्यातही ताकद लागते, पाठ तयार होते. ठरलं. वर गाणं सुरू झालं की काडीने वजन कमी करायचं आणि दांडा आवाज न करता खाली ठेवायचा.

तोवर तिला वरचं काही ऐकूच आलं नव्हतं. आता लोखंडाचा आवाज थांबला आणि वरची पायपेटी ऐकू यायला लागली. वाजवणारीचा एक सूर दर वेळी जरा उशिरा लागायचा, जसं कोणी बोलता बोलता शब्द आठवायला थांबतं. काडी नकळत त्या सुरावर दांडा उतरवू लागली. पाळक ज्यांना पेटीवाल्या बाई म्हणत त्या कशा दिसतात हे तिला माहीत नव्हतं, पण दिवसभरात कुणाच्या सोबतीने काही करावं असं तेवढंच होतं.

मग एका रविवारी पेटी वाजली नाही. पुढच्या रविवारीही नाही. लोक नुसतेच गात होते, कुणी पुढे, कुणी मागे.

रविवारी लोक घरी सापडतात, म्हणून दुकानातून सामान जास्त करून रविवारीच जाई. बाबा तिला तळघरात सोडत, बाहेरून कुलूप लावत आणि दुपारी घ्यायला येत. "रस्त्यावरून कोणीही आत शिरतं," ते म्हणत. कुलूप लागल्याचा आवाज तिच्या इतका सवयीचा झाला होता की तो झाल्यावरच ती पट्टा आवळायची.

अशाच एका रविवारी दांडा डोक्यावर गेलाच नाही. छातीपर्यंत आला आणि तिथून तिने तो हळूच खाली ठेवला. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा ती दांड्यावर नुसते हात ठेवून वाकून राहिली. तिला वाटलं, मी आता सरळ उभीच राहिले नाही तर काय होईल? बाबा येतील, कुलूप काढतील, मला असंच उचलून घरी नेतील आणि काट्यावर ठेवतील.

वर पाळक बोलत होते. ते एका माणसाची गोष्ट सांगत होते. तो माणूस शेतावरून येत होता, त्याचा कशाशी काही संबंध नव्हता. शिपायांनी त्याला रस्त्यातच धरलं आणि येशूचा क्रूस त्याच्या खांद्यावर ठेवला. चल म्हणाले. वाहशील का, असं त्याला कोणी विचारलं नाही.

काडी वाकलेलीच ऐकत राहिली.

"आणि असं का झालं?" पाळकांचा आवाज फळ्यांतून झिरपत होता. "कारण येशूला ते उचलवेना. आपण हे पटकन वाचून पुढे जातो. जाऊ नका. देवाचा पुत्र, आणि त्याचं अंग साथ देईना. लोक दोन्ही बाजूंनी बघत होते. आपल्यापैकी जो कोणी आज जमिनीला टेकलाय, त्याने हे लक्षात ठेवावं, की तिथे तो एकटा नाही."

काडीच्या आयुष्यात न उचलता येणं याला एकच अर्थ होता. तीन पंच बसलेले असत, तांबडे दिवे लागत आणि गाडीत घरापर्यंत कोणी बोलत नसे. ज्याला उचलता आलं नाही त्याच्या नावाने वर इतकी माणसं गात आहेत, हे तिला काही केल्या समजेना. आणि तिला वर जायचं होतं. तिने दार ओढून पाहिलं. कुलूप होतंच.

तेव्हा तिला बाकांच्या ढिगामागे उजेडाची एक उभी रेघ दिसली. इतके दिवस दिसत असणार. तिने कधी पाहिली नव्हती. तिने वरचं बाक धरलं. जुनं लाकूड, चांगलंच जड. ते उतरवून तिने हळूच बाजूला ठेवलं, मग दुसरं, मग तिसरं. शेवटचं बाक सरकवल्यावर मागे एक बुटकं दार निघालं. कडी याच बाजूने होती. आत दगडी पायऱ्या होत्या आणि त्या थेट वर, पायपेटीच्या मागे निघत होत्या.

ती वर आली तेव्हा सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. तळहातांना पकडीसाठी लावलेली पांढरी पूड, कमरेला पट्टा, अंगाला घाम. कडेच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईने एक डोळा उघडला, तिच्याकडे पाहिलं आणि आत सरकून जागा दिली. काडी बसली. तिला प्रार्थना येत नव्हती. तिने मनातल्या मनात एवढंच म्हटलं, तुम्हाला उचलवलं नाही, मलाही उचलवत नाहीये. देवाला अहो म्हणायचं की अरे, हेही तिला ठाऊक नव्हतं.

उपासना संपायच्या आधी ती खाली गेली आणि सगळी बाकं होती तशी रचून ठेवली.

मग दर रविवारी तसंच होऊ लागलं. बाकं उतरवायची, वर जायचं, परत यायचं, बाकं रचायची. बाबांना तिच्या मांड्यांत फरक जाणवला. "बघ," ते आईला म्हणाले, "टॉनिक लागू पडतंय."

काही रविवारांनी तिने पाळकांना पेटीवाल्या बाईंबद्दल विचारलं. त्यांचा चेहरा पडला. बाई चौथ्या मजल्यावर एकट्या राहत होत्या. पडल्यापासून त्यांच्या पायांत जोर नव्हता आणि इमारतीतली लिफ्ट कधीची बंद होती. चर्चमधल्या चौघांनी त्यांना खुर्चीत घालून उतरवायचा घाट घातला होता, पण वळणावर खुर्ची अडकली, एकाचा पाय घसरला, आणि बाई म्हणाल्या, मला वर न्या आणि पुन्हा येऊ नका.

"माझ्या पाठीवर येतील त्या?" काडीने विचारलं.

पाळकांनी तिच्या खांद्यांकडे पाहिलं. "तुझ्या वडिलांना चालेल?"

ती कमरेचा पट्टा नीट करायला लागली. पाळकांना वाटलं, चालेल.

पुढच्या रविवारी उपासनेआधीच ती वर आली. बाबांचा फ्रिज वाहायचा रुंद पट्टा तळघरात पडलेला असे, तो तिने बरोबर घेतला. बाई खिडकीशी बसल्या होत्या. लहानखुऱ्या, चष्मा दोऱ्याने बांधलेला, कपाळाला आठ्या.

"ही कोण?"

"खाली वजनं उचलते ती," पाळक म्हणाले.

"म्हणजे ती धाडधाड हिचीच?" बाईंनी तिला नीट न्याहाळलं. "आत्तापर्यंत काय काय उचललंस?"

"लोखंडच, बाई."

"मग पहिलं माणूस मीच. सांडलंस तर बघ."

काडीने त्यांना पाठीवर घेतलं, पट्टा त्यांच्या कमरेखालून आपल्या खांद्यांवर आवळला आणि जिन्याला लागली. वजन काहीच नव्हतं. पण लोखंड घाबरत नाही. बाईंची बोटं तिच्या गळ्याशी इतकी घट्ट रुतली होती की तिला श्वास घेता येईना, आणि पाठीवर त्यांचं काळीज धडधडताना तिला कळत होतं. आपल्या खांद्यांचा कोणाला आधार वाटू शकतो, हे तिला पहिल्यांदा समजलं. एका वळणावर ती थांबली.

"हेच ते वळण," बाई कानाशी म्हणाल्या. "इथेच अडकले होते मी. पुढे पाळक बोलावायला यायचे आणि मी झोपेचं सोंग घ्यायचे." मग जरा वेळाने, "तुझा आवाज असा कशाने झाला गं?"

कोणी असं सरळ विचारलंच नव्हतं. काडी भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिने सांगितलं. सोमवारचं, बाटलीचं, पाळीचं, सगळं. ती दमली तर बाईंना टेकवायला म्हणून आणलेली खुर्ची धरून पाळक दोन पायऱ्या खाली उभे होते; त्यांनी मान वळवली नाही.

"नको म्हणून सांग मग," बाई म्हणाल्या.

"मग माझ्याकडे काय राहील?"

बाईंनी तिच्या गळ्याशी हात सावरले. "मी काय सांगणार बाई? एका जिन्याच्या भीतीने मी घरात कोंडून घेतलं. पण आत्ता तुझ्या पाठीवर मी देवाचं नाव घेतेय ना, त्यात तुझंही घेतेय. चल आता, नाहीतर पहिलं गाणं चुकेल."

चर्चमध्ये बाई पेटीसमोर बसल्या आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की पायांत जोर नसेल तर पायपेटीचा भाता कोण हलवणार? काडी खाली बसली आणि दोन्ही हातांनी पेटीच्या पायाखालच्या पावट्या दाबू लागली. लोकांना फक्त तिचं डोकं खाली-वर होताना दिसत होतं. एक जण हसला, मग सगळेच हसले, बाई सुद्धा. मग सूर लागला. तो मधला सूर आताही उशिराच आला.

त्या गाण्याच्या मध्येच कधीतरी काडी रडायला लागली. हात थांबवता येत नव्हते, त्यामुळे डोळे पुसता आले नाहीत. तिने मागितलं ते एवढंच: उद्या माझा हात मागे घ्यायची ताकद मला दे. आणि मागून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की या खेपेला ती अरे म्हणाली होती.

दुपारी बाबा कुलूप काढायला आले तेव्हा पाळक आनंदाने दारातच उभे होते. "तुमचे उपकार झाले. मुलीने बाईंना चार मजले उतरवून आणलं, पुन्हा चढवून सोडलं."

बाबा "हो का" म्हणाले. गाडीत बसल्यावर त्यांनी किल्ली फिरवलीच नाही.

"चार मजले? आणि खांदा गेला असता म्हणजे? माझी पाठ कशी गेली माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे."

"मग तुझे खांदे कुणासाठी आहेत?"

संध्याकाळी बाबा हातोडी घेऊन तळघरात गेले, ती कुठून वर गेली ते बाकांमागे शोधलं आणि ते बुटकं दार खिळे ठोकून बंद केलं.

सोमवारी स्वयंपाकघरात त्यांनी बाटली काढली. काडी नेहमीच्या जागी बसली आणि तिने हात मांडीखाली घेतले.

"नको, बाबा."

"नाटकं नकोत. निवड तोंडावर आलीय."

"मी उचलीन. सराव सोडणार नाही. हे घेणार नाही."

"त्याच्याशिवाय तू कितवी येशील, माहीत आहे?"

"येईन तितवी."

बाबांनी तिचा दंड धरला. तिने जोर लावला असता तर तो सहज सुटला असता, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण तिने हलवलाही नाही आणि दिलाही नाही. गॅसपाशी पातेल्यातला चमचा थांबला. आई वळली होती.

"तिने नको म्हटलंय," आई म्हणाली. आवाज बारीकच होता. "मी ऐकलं."

बाबांनी हात सोडला. सुई तशीच ओट्यावर ठेवली आणि ते चपला घालून बाहेर गेले. आईने बाटली उचलली, फेकली नाही. एका डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवली, जणू ती आजारी माणसाची होती.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. काडीला वाटलं होतं, नाही म्हटलं की मोकळं वाटेल. झालं उलटंच. अंगातून कोणी दोरी ओढून काढावी तशी ताकद गेली. जे वजन ती हसत उचलायची ते जमिनीवरून हलेना. रोज सकाळी उठावंसं वाटेना. बाबा सरावाला येत, कुलूप लावायचं त्यांनी सोडलं, पण कोपऱ्यात पाठ करून बसत आणि एक शब्द बोलत नसत. ते शिव्या देत असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटे. निवडीच्या स्पर्धेत ती मागे पडली. संघ तिच्याशिवाय गेला. देवाकडे ताकद मागितली आणि त्याने होती तीही काढून घेतली, असं एकदा ती बाईंना म्हणाली.

"मग आज का आलीस मला न्यायला?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही वाट बघत असाल म्हणून."

"ती कुठली ताकद?"

काडी वैतागली. तिला असली उत्तरं आवडत नसत. पण जिना उतरताना ती त्यावर विचार करत राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की इतक्या वाईट महिन्यांत तिने एकही रविवार चुकवला नव्हता, आणि त्यातला एकही कोणी तिच्यावर लादला नव्हता.

रविवारी ती आता रस्त्यावरून, पुढच्या दाराने जायची. पुढे चर्चमधल्या दोन बायका तिच्याकडे आल्या. त्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेली माणसं होती आणि उचलून उचलून त्यांच्या कमरा गेल्या होत्या. काडीने त्यांना तळघरात नेऊन दाखवलं, गुडघ्यात कसं वाकायचं, माणूस छातीशी कसा घ्यायचा. मग आणखी बायका आल्या. तिने बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी बाबा आले नाहीत. आई आली. शेवटच्या बाकावर, पिशवी मांडीवर धरून, बसची वाट बघावी तशी बसून राहिली आणि सगळं पाहून गेली.

पाळी परत आली. आवाज मात्र घोगराच राहिला, तो तसाच राहणार असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पेटीशेजारी उभी राहून ती त्याच आवाजात, पुरुषांच्या पट्टीत गाते.

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत ती एकटी जाणार होती. निघताना पाहिलं तर बाबा दुकानाच्या गाडीत बसून होते. "बस," ते म्हणाले. तिथे पोचल्यावर त्यांनी सराव-खोलीत तिच्यासाठी चकत्या चढवल्या. शेवटच्या खेपेआधी फक्त एकदा बोलले, "डावा खांदा मागे राहतोय." तिने तो पुढे घेतला. दांडा डोक्यावर गेला आणि स्थिर राहिला. ती तिसरी आली. टोचून घेत असताना जितकं उचलायची, तितकं तिने पुन्हा कधी उचललं नाही, आणि बहुतेक उचलणारही नाही.

परतताना गाडीपाशी बाबा किल्ली हातात धरून थांबले.

"दांड्यासमोर डोळे मिटून काय पुटपुटतेस?"

काडीला सांगावं की नाही कळेना. मग तिने सांगितलं. "हे नीट उचलू दे. आणि नाही उचललं, तरी मी तुझीच आहे."

"म्हणजे हरलीस तरी चालेल त्याला?"

"हो."

बाबांनी गाडीच्या कडेला हात टेकला. त्यांची पाठ दुखत असावी, ते एका बाजूला कलले होते.

"मला असं कोणी म्हटलं नव्हतं," ते म्हणाले, आणि त्यांनी तिच्या बाजूचं दार उघडलं.